भोवरा, छत्री, बादली

परिपाठ चाललाय. राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली, आता सहावीतली एक मुलगी संविधानाची उद्देशिका एकेक ओळ पुढं म्हणतेय आणि बाकीची शाळा तिच्या मागून. २०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून राज्यातल्या शाळांच्या परिपाठात उद्देशिका आली. इथल्या मोठ्या वर्गांना ती तोंडपाठ आहे. पहिलीतली पोरं मात्र 'सार्वभौम'ला अडखळतात, तो शब्द गिळतात आणि पुढच्या ओळीवर जाऊन बाकीच्यांची वाट बघत उभी राहतात. मग सुविचार, दिनविशेष, बोधकथा. बोधकथेतल्या खरं बोलणाऱ्या लाकूडतोड्याला सोन्याची कुऱ्हाड मिळते, त्याच वेळी चौथीच्या रांगेत खडूच्या तुकड्यावरून दोघांची चिमटाचिमटी चाललेली आहे.

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या उतारावरचं हे गाव. जिल्हा परिषदेची पहिली ते सातवीची शाळा. पाच खोल्या, लांब व्हरांडा, अंगणात कडुलिंब. जुलैचा शनिवार, म्हणजे सकाळची शाळा. रात्रीच्या पावसानं मैदानात चिखल आहे, त्यामुळे सगळा कारभार व्हरांड्यातच. व्हरांड्याच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं दहा मूल्यं रंगवली आहेत: वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता. शेवटच्या दोन ओळींपाशी ओल येऊन रंगाचे पोपडे सुटलेत, पण अक्षरं वाचता येतात.

याद्या करण्यात आपण कधी मागं नव्हतो. १९९९ मध्ये संसदेच्या एका समितीनं मूल्यशिक्षणावर अहवाल दिला. तिचे अध्यक्ष मराठवाड्याचेच, शंकरराव चव्हाण. त्या अहवालानं सत्य, सदाचार, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पाच मूल्यं पायाभूत मानली. त्यानंतर दहा वर्षांनी, २००९ मध्ये, याच बीड जिल्ह्यातल्या शाळांतून शांतिलाल मुथ्था फाउंडेशनच्या 'मूल्यवर्धन' उपक्रमाची सुरुवात झाली. त्याचा भर जोडीचर्चा, गटचर्चा, सहयोगी खेळ आणि मुलांनी मिळून ठरवलेले वर्गनियम यांवर. सातवीच्या वर्गात तसे नियम एका कार्डशीटवर लावलेले दिसतात. खाली सगळ्या वर्गाच्या सह्या आहेत, आणि कोपऱ्यात वर्गशिक्षिकेचीही.

त्या वर्गशिक्षिका, मुलांच्या भाषेत नुसत्या 'मॅडम', आता रांगांसमोर उभ्या आहेत. एरवी परिपाठानंतर रांगा वर्गात जातात. आज त्या जागच्या जागी खाली बसतात. आज शाळेच्या मंत्रिमंडळाची निवडणूक आहे.

मॅडमनी विधानसभेला मतदान केंद्राध्यक्ष म्हणून काम केलेलं आहे, त्यामुळे आजच्या कार्यक्रमात कशाचीही कमतरता नाही. अधिसूचना निघाली, अर्ज भरले, छाननी झाली, माघारीची मुदत संपली, चिन्हं वाटली. चिन्हांसाठी पोरांनी आधी कमळ, पंजा, घड्याळ, मशाल असं सगळं मागून बघितलं होतं. खऱ्या पक्षाचं एकही चिन्ह मिळणार नाही, असं सांगून मॅडमनी ते खोडून टाकलं. आता रिंगणात सात जण आहेत: छत्री, भोवरा, बादली, चेंडू, कंपासपेटी, फुगा आणि शिडी. पहिल्या पाचांचं मंत्रिमंडळ, सर्वांत जास्त मतं मिळतील तो मुख्यमंत्री. आठवडाभर पोरं एकमेकांना चिन्हांच्याच नावानं हाका मारतायत, मीही तेच करतो.

"मतदानाआधी कुणाची काही तक्रार?" मॅडम विचारतात.

पाचवीतला एकजण ताडकन उभा राहतो. "मॅडम, छत्रीनं गोळ्या वाटल्या."

"कधी?"

"काल, सुट्टी झाल्यावर. लिमलेटच्या. किराणा दुकानाच्या मागं."

छत्री सातवीतला. अभ्यासात पहिला, वक्तृत्वात पहिला, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. तो मान खाली घालत नाही की वरही करत नाही. व्हरांड्याच्या टोकाला खुर्चीत बसलेले मुख्याध्यापक, म्हणजे हेडसर, जरा अस्वस्थ होतात. हा मुलगा त्यांचा आवडता आहे हे मला कुणी सांगायची गरज पडत नाही. तालुक्याच्या स्पर्धांना ते त्यालाच घेऊन जातात.

"गोळ्या खाल्ल्या कुणी कुणी?" मॅडम विचारतात.

क्षणभर कुणीच नाही. मग एक हात, मग दोन, मग तिसरी-चौथीच्या रांगेतून हातांचं रान उठतं. तक्रार करणाऱ्याचाही हात वर असतो. हशा होतो.

"खाल्ली म्हून काय झालं?" चौथीतली एक मुलगी बसल्या जागेवरून बोलते. "आमची माय म्हणती, घ्यावं समद्याचं, द्यावं आपल्या मनानं."

मोठी मुलं टाळ्या वाजवतात. हे वाक्य त्यांनी घरोघरी ऐकलेलं आहे. १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा मतदाराला लाच देणं हा भ्रष्ट आचार ठरवतो. पण कायदा सांगून चौथीतल्या मुलीच्या आईचं म्हणणं खोडता येत नाही. त्यात गरिबाचं एक शहाणपण आहे. मॅडमनाही ते दिसतंय. त्या घाई करत नाहीत.

"बरं," त्या म्हणतात, "मत आपल्या मनानं दिलं. छान. पण आता सांगा, ज्याच्याकडं गोळ्या घ्यायला पैसे नाहीत, त्यानं उभं राहायचं का नाही?"

आता टाळ्या नाहीत. फुग्याचं चिन्ह घेतलेला बारका पोरगा हळूच म्हणतो, "म्या फुगे बी न्हाई वाटले." पुन्हा हसू येतं, पण या वेळी थोडं कमी.

शिक्षा काय, यावर दोन तट पडतात. एका बाजूला "बाद करा". दुसऱ्या बाजूला "जाऊ द्या, मोठे लोक तर बाटल्या वाटतेत". पाच मिनिटं कालवा होतो. शेवटी मधला मार्ग बादली सुचवते. ती पाचवीतली, आवाज किरटा, वेण्या घट्ट. "त्यानं सगळ्यांम्होरं सांगावं की वाटल्या, आन् आता वाटणार न्हाई. नाव ऱ्हाऊ द्या." हात वर करून हे मंजूर होतं. छत्री उठतो. "वाटल्या," तो म्हणतो. पुढचं वाक्य त्याला जड जातं. वक्तृत्व स्पर्धेतल्या आवाजात ते येत नाही, साध्या आवाजात येतं. "आता नाही वाटणार."

हेडसर घड्याळ बघतात. पण दुसरी हरकत बाकी आहे आणि ती जास्त अवघड आहे.

हरकत भोवऱ्यावर. भोवरा म्हणजे सहावीतली, मघाशी उद्देशिका सांगणारी मुलगी. छत्रीच्या बाजूचा एकजण उठून म्हणतो, "मॅडम, ती दिवाळीला कारखान्याला जाती. मंग मुख्यमंत्री कोण ऱ्हाईल?"

या शाळेत हा प्रश्न हवेतला नाही. दसरा झाला की ऊसतोडीसाठी मुकादमाच्या गाड्या लागतात. आईबापानं उचल घेतलेली असते. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा हिशेब. बीडचे कोयते पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात, आणि गाळप संपेपर्यंत म्हणजे पाच-सहा महिने परत येत नाहीत. पोरं बरोबर जातात किंवा मागं आजी-आजोबांपाशी राहतात. मागं राहणाऱ्यांच्या जेवणाखाण्यासाठी शासनाची हंगामी वसतिगृहं चालतात. समोर बसलेल्या रांगांतली किती मुलं दिवाळीनंतर इथं असतील, हे हजेरीपटावरून सांगता येत नाही.

भोवरा उभी राहते. "म्या न्हाई जाणार यंदा. आजीपशी ऱ्हाणार. वसतिगृहात जेवणार."

"मागच्या साली बी असंच म्हणली हुती. आन् गेली."

हे खरं असावं, कारण ती उत्तर देत नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळते, सोडते. माझ्या मनात येतं, आता मॅडम मध्ये पडतील, मुलीची बाजू घेतील, दोन शब्द सहानुभूतीचे बोलतील. त्या तसं काही करत नाहीत. नोटीसबोर्डावरची अधिसूचना काढून आणायला सांगतात आणि हरकत घेणाऱ्याच्याच हातात देतात.

"वाच. उमेदवार कोण होऊ शकतो?"

तो वाचतो. "ज्याचे नाव शाळेच्या पटावर आहे असा पाचवी ते सातवीतला कोणताही विद्यार्थी."

"पटावर नाव आहे तिचं?"

"आहे. पण..."

"पण काय?"

"पण ती गेल्यावर?"

"तुझे वडील कारखान्यावर गेले म्हणजे गावच्या मतदार यादीतून त्यांचं नाव जातं का?"

त्याला माहीत नाही. सातवीतला दुसरा एकजण सांगतो, "न्हाई जात. माझ्या बापाचं मत राहिलं विधानसभेला, पण नाव हाय." विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं, आणि ऊसतोडीचा हंगाम नेमका तेव्हाच सुरू झालेला. मॅडम सांगतात, तसा कायदाच आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार, माणूस तात्पुरता बाहेर गेला एवढ्यावरून तो गावचा रहिवासी राहत नाही असं होत नाही. पोरं ऐकतात. पोटासाठी गेलेला माणूस गावचाच राहतो, हे त्यांना नवीन नसावं. कायद्यातही ते लिहिलेलं आहे, हे नवीन असावं.

"आन् गेलीच तर?" हरकतवाला सोडत नाही. मला त्याचं कौतुक वाटतं. त्याचा प्रश्न खोटा नाही.

"तर काय करायचं, तुम्ही सांगा."

उपमुख्यमंत्री, असा तोडगा निघतो. दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार तिच्या गैरहजेरीत काम बघेल, ती परत आली की पद पुन्हा तिचं. कंपासपेटी हे वहीत लिहून घेते. हा नियम फक्त भोवऱ्यासाठी की सगळ्यांसाठी, असं कुणीतरी विचारतं. सगळ्यांसाठी, असं ठरतं. हरकतवाल्याच्या स्वतःच्या घरातही एक कोयता आहे, हे मला नंतर कळतं.

मतदान सातवीच्या खोलीत. दारात पहिला मतदान अधिकारी यादीतलं नाव शोधून मोठ्यानं वाचतो. दुसरी सही घेते आणि डाव्या तर्जनीला मार्करनं रेघ ओढते. तिसऱ्यापुढं मॅडमचा मोबाइल आहे. त्यात मतदान यंत्राचं ॲप आहे. तो बटण दाबतो तेव्हा खोक्याच्या आडोशाला ठेवलेला दुसरा मोबाइल मत घ्यायला तयार होतो. मत पडलं की लांब 'बीऽऽप' वाजतो. भिंतीला टेकून सात उमेदवारांचे सात प्रतिनिधी बसलेत आणि एकमेकांवर डोळे वटारून आहेत.

चिन्हांच्या यादीच्या तळाला 'नोटा' आहे. ते काय असतं, हे दुसरीतल्या मुलाला सातवीतला सांगतो: "कुणीच पसंत नसलं की ते." सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानं हा पर्याय यंत्रावर आला. महाराष्ट्रात तर राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये ठरवलं की स्थानिक संस्थांच्या निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची. सातवीतल्याला एवढं माहीत नाही. पण त्याचं 'कुणीच पसंत नसलं की' हे स्पष्टीकरण पुरेसं आहे.

पहिलीतला एक चिमुरडा आडोशामागं गेलाय आणि बीप वाजत नाही. वेळ जातो. तिसरा अधिकारी अर्धवट उठून डोकावायला लागतो.

"बस खाली," मॅडम म्हणतात.

"त्याला कळंना, मॅडम. दाखवतो फकस्त."

"तू दाखवलंस तर मत त्याचं का तुझं?"

तो बसतो. आणखी थोडा वेळ जातो. मग बीप. चिमुरडा बाहेर येतो आणि दोन्ही हात वर करून ओरडतो, "म्या भोवऱ्याला दिलं!" सगळी खोली हसते. छत्रीचा प्रतिनिधी तक्रार करतो की गुप्त मतदानाचा भंग झाला. तक्रार बरोबर आहे. मॅडम चिमुरड्याला जवळ घेऊन सांगतात की आपलं मत पोटात ठेवायचं असतं. "कामून?" तो विचारतो. "म्हणजे उद्या तुला कुणी म्हणू शकणार नाही की मला का नाही दिलंस." तो यावर विचार करत बाहेर जातो.

थोड्या वेळानं चौथीतला एकजण पुन्हा रांगेत दिसतो. थुंकी लावून बोट चोळचोळून लाल केलंय, रेघ गेलीय. खऱ्या निवडणुकीतली म्हैसूरची शाई अशी निघत नाही, तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. इथला मार्कर दहा रुपयांचा. पण पहिला अधिकारी यादीवर बोट ठेवतो. नावापुढं सही आहे. "मत झालंय तुझं." पोरगा सहीकडं बघतो. स्वतःचं अक्षर नाकारता येत नाही. तो पळतो.

मतदान संपत आलंय तेव्हा सहावीतल्या दोन मुली चहा घेऊन येतात. एक कप हेडसरांना, दोन बाकीच्या सरांना, एक मॅडमना, एक मला. चहा ऑफिसाशेजारच्या खोलीत गॅसवर होतो. करतात स्वयंपाकीण मावशी, पोचवतात मुली. मॅडम त्यांचा कप टेबलाच्या कडेला ठेवून यादी मिळवत बसतात. मी माझा पितो. आलं घातलेला, चांगला चहा आहे.

मतमोजणी. पट ९६ चा, हजर ८८. आकडे मोबाइलच्या पडद्यावरून फळ्यावर उतरतात: भोवरा २३, छत्री २१, बादली १४, चेंडू ११, कंपासपेटी ९, फुगा ४, शिडी ३, नोटा ३.

व्हरांड्यात ओरडा होतो. छत्री जागचा हलत नाही. मग तो मॅडमपाशी येतो. "पुन्हा मोजा."

"मशीन आहे ते, बाळा," हेडसर समजावतात. "ते चुकत नाही. खिलाडूवृत्तीनं घ्यायचं."

"थांबा सर," मॅडम म्हणतात. "तो मागू शकतो." खऱ्या निवडणुकीत प्रत्येक केंद्रावर नमुना १७-क भरावा लागतो. किती मतदारांनी सह्या केल्या आणि यंत्रात किती मतं पडली, दोन्ही जुळलं पाहिजे. मॅडम सह्यांची यादी त्याच्या हातात देतात. "मोज."

छत्री मोजतो. बोट ठेवून, पुटपुटत. अठ्ठ्याऐंशी. मग फळ्यावरचे आकडे वहीच्या मागच्या पानावर मांडून बेरीज करतो. अठ्ठ्याऐंशी. पुन्हा एकदा करतो. मग पेन्सिल खिशात घालतो आणि भोवऱ्याला म्हणतो, "बरोबर हाय." अभिनंदन असं तो म्हणत नाही. मला ते 'बरोबर हाय' जास्त मोलाचं वाटतं. खिलाडूवृत्ती वरून सांगून येते. हे त्यानं स्वतः मोजलेलं आहे.

शपथविधी उरकतो. ईश्वरसाक्ष शपथ घ्यायची की गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करायची, हे ज्याचं त्यानं ठरवायचं, असं मॅडम सांगतात. चेंडू विचारतो, "अल्लाची घेतली तर?" "तुझा ईश्वर तूच ठरवायचा," मॅडम म्हणतात. तो घेतो. भोवरा गांभीर्यपूर्वकवाली घेते आणि त्या शब्दाला दोनदा अडखळते.

मंत्रिमंडळाची पहिली बैठक लगेच, कडुलिंबाखाली सतरंजीवर. बाकीच्यांना वर्गात पाठवलंय, पण खिडक्यांत डोकी दिसतात. हेडसर, मॅडम आणि मी कडेला खुर्च्यांवर. अध्यक्ष भोवरा, इतिवृत्त लिहिणार कंपासपेटी. खातेवाटप होतं. बादलीनं स्वच्छता मागितली, तिला मिळते. चेंडूला क्रीडा, कंपासपेटीला अभ्यास आणि वाचनालय. छत्री उपमुख्यमंत्री आणि शिस्तमंत्री.

"मग छडी माझ्याकडं," छत्री म्हणतो. विनोद म्हणून नव्हे. मागच्या वर्षीच्या शिस्तमंत्र्याकडं छडी असायची, असं कळतं. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणं आणि परिपाठाला रांग वाकडी झाली की पोटरीवर हळूच एक देणं, हे त्याचं काम.

"मंत्री मारणार का?" बादली विचारते.

सगळे मॅडमकडं बघतात. मॅडम हेडसरांकडं बघतात. हेडसर चष्मा पुसायला घेतात.

"शिक्षण हक्क कायदा आला २००९ मध्ये," मॅडम म्हणतात. "त्याचं कलम १७ असं की शाळेत कुणालाही मारायचं नाही, मनाला लागेल असा छळही करायचा नाही. म्हणजे मारायचा अधिकार मलाच नाही. सरांनाही नाही. मग जो आमच्याकडं नाही तो तुला कुठून देऊ?"

छत्रीला हे पटायला वेळ लागतो. छडी नसेल तर शिस्तमंत्र्यानं करायचं काय? प्रश्न योग्य आहे. बऱ्याच शाळांतलं मंत्रिमंडळ म्हणजे गुरुजींचं काम हलकं करणारी बिनपगारी पोलीस चौकीच असते. निवडून आलेला मुलगा पहिली गोष्ट शिकतो ती हुकूम सोडायची. इथंही उत्तर सहज मिळत नाही. चेंडू म्हणतो, भांडण झालं तर दोघांचं ऐकून घ्यायचं आणि वहीत लिहायचं. भोवरा म्हणते, दोघांचं म्हणजे आधी बारक्याचं. एवढ्यावर तूर्त भागतं. छत्री नाराज आहे, पण नव्या वहीचा मालक झालेला आहे.

आता बादली. तिच्या हातात कागदाची घडी आहे. पहिला विषय, मुलींच्या स्वच्छतागृहाची चावी ऑफिसात असते, मागायला लाज वाटते. चावी व्हरांड्यातल्या खिळ्याला असावी. मंजूर. हेडसर मान डोलावतात. दुसरा विषय, झाडलोट मुली करतात आणि मुलगे सतरंज्या टाकतात. यापुढं हजेरी क्रमांकाप्रमाणं दोन्ही कामं दोघांनी करायची. चेंडू कुरकुरतो, पण मंजूर.

"तिसरा इषय." ती कागदावरून नजर वर करत नाही. "सरांचे चहाचे कप रोज मुली धुतेत. ते बंद."

खिडक्यांतली डोकी एकदम गप्प होतात. भोवरा अध्यक्ष आहे, तिनं कुणाला तरी बोलायला सांगितलं पाहिजे, पण तिला कुणाचं नाव घ्यावं ते कळत नाही. हेडसर खुर्चीत सरळ होतात. त्यांचा स्वर रागाचा नाही, समजुतीचा आहे.

"बेटा, कामात कमीपणा नसतो. साने गुरुजी वाचलेत ना तुम्ही? ते बघ, भिंतीवर काय लिहिलंय? श्रमप्रतिष्ठा."

बादली व्हरांड्याकडं वळून बघते. यादी वरून खाली वाचते, ओठ हलवत. शेवटच्या ओळीपाशी, जिथं पोपडे सुटलेत, तिथं थांबते.

"शेवटचं बी वाचा, सर."

हेडसर वाचत नाहीत. त्यांना ते पाठ आहे, कदाचित त्यांच्याच काळात ते रंगवलं गेलंय. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या भिंतीवरची दोन मूल्यं अशी समोरासमोर उभी राहिली नसतील. दहाच्या दहा एका रंगात, एका अक्षरात रंगवलेली. त्यांच्यात कधी तंटा होईल असं रंगाऱ्यालाही वाटलं नसणार. आणि तंट्याशिवाय त्यातलं एकही कुणाच्या कामाचं नाही. मूल्य तेव्हाच खरं होतं जेव्हा ते कुणाला तरी एखादी सोय सोडायला लावतं. आज ती वेळ शाळेतल्या सगळ्यांत मोठ्या माणसावर आलीय आणि ती आणणारी पाचवीत आहे.

"मग मुलांनी धुवायचे का?" छत्री विचारतो. त्याला खरंच जाणून घ्यायचंय.

"कुणीच नको," बादली म्हणते. "ज्यानं प्यायला त्यानं."

मॅडम काहीच बोलत नाहीत. त्यांचा चहा मघापासून तसाच आहे. आता तो घोटभर पितात, कप हातातच ठेवतात. भोवऱ्याला धीर येतो. "हात वर करा," ती म्हणते. पहिला हात बादलीचा, दुसरा भोवऱ्याचा स्वतःचा. कंपासपेटी पेन दाताखाली धरून हात वर करते. चेंडू हेडसरांकडं बघतो, मग जमिनीकडं बघत हात वर करतो. छत्री सगळ्यांत शेवटी. कंपासपेटी लिहिते आणि वही हेडसरांपुढं धरते. बैठकीचं इतिवृत्त मुख्याध्यापकांच्या सहीशिवाय पूर्ण होत नाही, हा त्यांचाच नियम.

ते वाचतात. खिशातून पेन काढतात. "'चहाचे' नको," ते म्हणतात. "'चहाचे व जेवणाचे' लिही. अर्धवट ठराव करू नये." कंपासपेटी दोन शब्द वर घालते. सही होते, तारखेसह.

बैठक संपली असं वाटत असताना चेंडू विचारतो, "पाहुण्यांचं काय?"

सगळे माझ्याकडं बघतात. माझ्या हातात रिकामा कप आहे. मी उठायला लागतो, पण भोवरा मला बसायची खूण करते. विषय बैठकीपुढं आलाय, तो बैठकीतच सुटेल. चर्चा थोडक्यात होते. पाहुणा रोज येत नाही. पाहुण्याला कप धुवायला लावणं आपल्यात बरं दिसत नाही. घरी बी आपण असं करत न्हाई. पाहुण्यांना सूट, असा ठराव चेंडू मांडतो. चार हात वर होतात. बादलीचा खाली.

"चार-एक. मंजूर," भोवरा म्हणते.

"माझा विरोध लिहा."

कंपासपेटी गोंधळते. "ठराव तर झाला की. आता विरोध कशाला लिहायचा?"

"ठराव झाला म्हणूनच लिहायचा," मॅडम म्हणतात. "कोण काय म्हणालं होतं ते पुढच्यांना कळायला."

"काय लिहू?" कंपासपेटी बादलीला विचारते.

बादली सांगते. कंपासपेटी लिहिते, हेडसर पुन्हा वही ओढून घेतात, वाचतात, आणि मिशीत हसत त्याखालीही सही करतात: पाहुण्यांनाही हात असतात, असे स्वच्छता मंत्र्यांचे म्हणणे आहे.